‘ब्रिटिश माध्यमांच्या वृत्तानुसार’ म्हणजे नेमकं कोण म्हणालं?

आपल्याकडच्या बातम्यांत एक वाक्य दर दोन दिवसांनी भेटतं: ‘ब्रिटिश माध्यमांनी दिलेल्या वृत्तानुसार…’ पुढे राजघराण्यातलं भांडण असतं, एखाद्या फुटबॉलपटूचा करार असतो, नाहीतर पंतप्रधान आज-उद्या जाणार अशी कुजबुज. हे वाक्य आलं की मी तिथेच अडतो. कोण म्हणालं? गुलाबी कागदावर निघणारा, बँका आणि शेअर बाजारावर बारीक नजर ठेवणारा ‘फायनान्शियल टाइम्स’ हे ब्रिटिश माध्यम आहे. आणि २०२२ साली पंतप्रधान लिझ ट्रस आधी जातात की लेट्यूसचा गड्डा आधी सडतो, हे कॅमेरा लावून दाखवणारा ‘डेली स्टार’ हेही ब्रिटिश माध्यमच आहे. (गड्डा टिकला, ट्रसबाई गेल्या.) या दोघांना एकाच शब्दात गुंडाळलं की वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून तिथले पेपर कुणाचे, कुणासाठी आणि कशाच्या जोरावर चालतात, ते नीट समजून घेऊ.

पहिली गोष्ट टीव्ही आणि पेपर यांच्यातल्या फरकाची. ब्रिटनमध्ये टीव्ही आणि रेडिओच्या बातम्या निःपक्षपाती असल्याच पाहिजेत, असं बंधन आहे, आणि ते पाळलं जातं की नाही हे ‘ऑफकॉम’ ही नियामक संस्था पाहते. पेपरवर असं कुठलंही बंधन नाही. बीबीसीच्या निवेदकाने अमक्याला मत द्या म्हटलं तर गहजब होईल, चौकशी लागेल. पेपरने म्हटलं तर ती त्याची रीतच. ९ एप्रिल १९९२ ला, मतदानाच्या दिवशी, ‘सन’ने पहिल्या पानावर मजूर पक्षाचे नेते नील किनॉक यांचं डोकं विजेच्या बल्बमध्ये बसवून छापलं. सोबतचा मजकूर असा, की आज किनॉक जिंकले तर ब्रिटन सोडून जाणाऱ्या शेवटच्या माणसाने कृपया दिवे मालवावेत. हुजूर पक्ष जिंकला. दोन दिवसांनी त्याच पेपरने ‘जिंकून दिलं ते सननेच’ असा मथळा दिला. पेपरमुळे मतं फिरली की वाचकांचा कल ओळखून पेपर फिरला, यावर तिथे आजही वाद आहे. मला दुसरं जास्त पटतं, कारण पाचच वर्षांनी वारं बदलल्यावर हाच पेपर मजूर पक्षाच्या टोनी ब्लेअर यांच्या बाजूने उभा राहिला.

हे स्वातंत्र्य जुनं आहे. छापण्याआधी परवाना घ्यायला लावणारा कायदा इंग्लंडच्या संसदेने १६९५ साली पुढे वाढवला नाही आणि तो संपला. १७०२ मध्ये ‘डेली कुरंट’ हा पहिला इंग्रजी दैनिक पेपर लंडनच्या फ्लीट स्ट्रीटजवळ निघाला. पुढची अडीचशे-पावणेतीनशे वर्षं हा रस्ता म्हणजेच ब्रिटिश वृत्तपत्रसृष्टी. पेपरांच्या कचेऱ्या तिथून केव्हाच गेल्या, पण ‘फ्लीट स्ट्रीट’ म्हटलं की आजही पेपरवालेच समजतात.

परवाना गेला, पण सरकारने दुसरी वाट शोधली: कर. १७१२ पासून प्रत्येक अंकावर मुद्रांक शुल्क लागलं आणि १८१५ पर्यंत ते चार पेनींवर गेलं. पेपरची किंमत सात पेनींच्या घरात पोचली. गिरणीतल्या मजुराला ती परवडू नये, हाच हेतू होता. मग मजूर वर्गणी काढून एक अंक घेत आणि पबमध्ये कुणीतरी तो मोठ्याने वाचून दाखवी. हेन्री हेदरिंग्टन यांनी १८३१ मध्ये ‘पुअर मॅन्स गार्डियन’ हा पेपर मुद्रांक न लावता, उघडपणे कायदा मोडून एका पेनीला विकायला काढला. ते तुरुंगात गेले आणि तो पेपर रस्त्यावर विकणारे शेकडो गरीब लोकही गेले. या करांना लोकांनी नाव दिलं होतं ‘ज्ञानावरचे कर’. १८३६ मध्ये शुल्क एक पेनीवर आलं, १८५५ मध्ये ते गेलं आणि १८६१ मध्ये कागदावरचा करही उठला. आजचा ‘डेली टेलिग्राफ’ १८५५ सालचाच. आधी आठवड्यातून दोनदा निघणारा ‘मँचेस्टर गार्डियन’, म्हणजे आजचा ‘गार्डियन’, त्याच साली दैनिक झाला.

इथे आपला संबंध येतो, आणि तो सुखाचा नाही. ब्रिटिशांनी स्वतःच्या देशात ज्ञानावरचा शेवटचा कर उठवून सतरा वर्षं झाली नाहीत, तोच १८७८ मध्ये भारतात त्यांच्याच राज्यात लॉर्ड लिटनने देशी भाषांतल्या पेपरांची मुस्कटदाबी करणारा कायदा आणला. इंग्रजी पेपरांना तो लागू नव्हता. पुढे तो रद्द झाला, पण राजद्रोहाचं कलम होतंच. लंडनमध्ये सरकारला झोडपून काढणारा संपादक संध्याकाळी घरी जेवायला जाई. पुण्यात ‘केसरी’चा संपादक १९०८ मध्ये अग्रलेखांसाठी सहा वर्षं मंडालेला गेला.

टिळकांची गाठ प्रत्यक्ष लंडनच्या पेपरवाल्याशीही पडली. ‘टाइम्स’च्या परराष्ट्र विभागाचे प्रमुख व्हॅलेंटाइन चिरोल यांनी भारतातल्या असंतोषावर लेखमाला लिहिली आणि १९१० मध्ये तिचं पुस्तक झालं. त्यात टिळकांवर हिंसेला चिथावणी दिल्याचे आरोप होते. ‘असंतोषाचे जनक’ हे आपण अभिमानाने मिरवतो ते बिरूद मुळात चिरोलसाहेबांनी दोषारोप म्हणून दिलेलं. टिळकांनी बदनामीचा दावा लावला आणि १९१८ मध्ये त्यासाठी विलायतेला गेले. इंग्लिश कायद्यात बदनामीच्या दाव्यात लिहिलेलं खरं आहे, हे सिद्ध करण्याचा भार लिहिणाऱ्यावर असतो. कागदावर बाजू टिळकांना सोयीची होती. पण न्यायाधीश डार्लिंग, चिरोलच्या बाजूने नामांकित वकील एडवर्ड कार्सन आणि समोर इंग्रज ज्युरी. फेब्रुवारी १९१९ मध्ये निकाल विरुद्ध गेला. कायदा तोच असला तरी तो कुणाच्या बाजूने उभा राहतो हे न्यायालयात बसलेल्या माणसांवरही ठरतं, असं मला ही हकीकत वाचताना प्रत्येक वेळी वाटतं.

आता ‘राष्ट्रीय’ या शब्दाकडे वळू. आपल्याकडे इतक्या भाषा, त्यात जिल्हावार आवृत्त्या. सांगलीतला माणूस आणि सूरतचा माणूस सकाळी एकच पेपर वाचतात असं होत नाही. ब्रिटनमध्ये ते झालं, कारण देश लहान, भाषा मुख्यतः एक आणि रेल्वे लवकर आली. लंडन ते मँचेस्टर रेल्वेने साधारण ३०० किलोमीटर, म्हणजे मुंबईहून कऱ्हाडला जाण्याइतकं. मध्यरात्री छापलेले गठ्ठे खास पेपरगाड्यांतून निघत आणि पहाटे गावोगाव उतरत. डब्ल्यू. एच. स्मिथ कंपनीने १८४८ मध्ये लंडनच्या युस्टन स्थानकावर आपला पहिला स्टॉल टाकला. पेपरगाड्या १९८८ पर्यंत चालल्या, मग ट्रकांनी ते काम घेतलं. स्कॉटलंडचं घर मात्र थोडं वेगळं. ‘स्कॉट्समन’, ‘हेरल्ड’, ‘डेली रेकॉर्ड’ हे तिथले स्वतःचे पेपर आणि लंडनच्या पेपरांना तिथे वेगळी आवृत्ती काढावी लागते.

या साखळीचं शेवटचं टोक म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान. ब्रिटनमधली अशी कितीतरी दुकानं गेली पन्नास वर्षं भारतीय उपखंडातून किंवा पूर्व आफ्रिकेतून आलेल्या कुटुंबांनी चालवली, त्यांत गुजराती पुष्कळ. दुकानदार पहाटे उठून शटर वर करतो, दारात पडलेल्या गठ्ठ्यांची प्लॅस्टिकची पट्टी कापतो, शनिवार-रविवारी जाडजूड पुरवण्या हाताने आत सरकवतो आणि प्रत्येक अंकाच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने घराचा नंबर टाकतो. मग शाळेत जाण्याआधी तेरा-चौदा वर्षांची पोरं पिशव्या खांद्याला अडकवून लाइन टाकायला निघतात. अंगणातल्या कुत्र्यापासून अडकलेल्या टपालफटीपर्यंत सगळं त्यांना पाठ. त्यांना हेही ठाऊक असतं की कुठल्या घरात ‘गार्डियन’ आणि कुठल्या घरात ‘मेल’.

आणि ब्रिटनमध्ये ही माहिती फार बोलकी आहे. तिथे माणूस कुठला पेपर घेतो यावरून त्याचं शिक्षण, पगार, मत आणि वर्ग यांचा अंदाज लोक बांधतात. पूर्वी आकारावरूनच कळायचं. मोठ्या पानांचे ‘ब्रॉडशीट’ म्हणजे गंभीर: ‘टाइम्स’, ‘टेलिग्राफ’, ‘गार्डियन’. लहान पानांचे ‘टॅब्लॉइड’ म्हणजे चुरचुरीत. त्यातले ‘सन’, ‘मिरर’ आणि ‘स्टार’ लाल पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत नाव छापतात, म्हणून ‘रेड टॉप’. ‘मेल’ आणि ‘एक्सप्रेस’ हे गंभीर पेपर आणि रेड टॉप यांच्या मधले. २००३-०४ मध्ये ‘इंडिपेंडंट’ आणि ‘टाइम्स’नी लहान आकार घेतला, २०१८ मध्ये ‘गार्डियन’नेही. त्यामुळे आज टॅब्लॉइड हा शब्द आकारापेक्षा स्वभावाचा झाला आहे. राजकारणात ‘टेलिग्राफ’, ‘मेल’ हुजूर पक्षाकडे झुकणारे, ‘मिरर’ मजूर पक्षाचा जुना सोबती, ‘गार्डियन’ डावीकडचा उदारमतवादी. ज्या घटनेला एक पेपर घोटाळा म्हणतो तिला दुसरा गैरसमज म्हणतो: आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. तिथला वाचक हे जाणून पेपर घेतो. आपण बाहेरून वाचताना ते विसरतो.

आता खरा मुद्दा: मालक. सरकारपासून सुटलेला पेपर मालकाच्या हाती गेला. आल्फ्रेड हार्म्सवर्थ, पुढचे लॉर्ड नॉर्थक्लिफ, यांनी १८९६ मध्ये ‘डेली मेल’ अर्ध्या पेनीला काढला, १९०३ मध्ये ‘मिरर’ काढला आणि १९०८ मध्ये चक्क ‘टाइम्स’ विकत घेतला. त्यांचे भाऊ लॉर्ड रॉदरमिअर यांनी जानेवारी १९३४ मध्ये ‘मेल’मधून इंग्लंडच्या काळ्या शर्टवाल्या फॅसिस्टांचा जयजयकार केला. ‘एक्सप्रेस’चे मालक लॉर्ड बीव्हरब्रुक यांनी तर चौकशी आयोगासमोर मोकळेपणाने सांगितलं, की मी पेपर चालवतो तो केवळ प्रचारासाठी. या मंडळींना कंटाळून हुजूर पक्षाचे नेते स्टॅन्ली बाल्डविन १९३१ मध्ये म्हणाले, की यांना हवी आहे ती जबाबदारीविना सत्ता.

रूपर्ट मर्डॉक यांनी १९६९ मध्ये ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ हा साप्ताहिक पेपर आणि ‘सन’ घेतला आणि १९८१ मध्ये ‘टाइम्स’ व ‘संडे टाइम्स’. १९८६ च्या जानेवारीत त्यांनी हे चारही पेपर एका झटक्यात मध्य लंडनमधून पूर्व लंडनच्या वॉपिंगमधल्या नव्या छापखान्यात हलवले. तिथे शिशाचे खिळे जुळवायचे नव्हते, मजकूर थेट संगणकावर. संपावर गेलेल्या सुमारे साडेपाच हजार कामगारांची नोकरी गेली. वर्षभर दारात निदर्शनं, घोडेस्वार पोलिस, डोकी फुटली. १९८७ च्या फेब्रुवारीत संप मोडला. छपाई स्वस्त झाली, पानं वाढली, रंग आले. त्याची किंमत कुणी मोजली हेही लक्षात ठेवावं: शिसं हाताळत पिढ्यान्‌पिढ्या एकच कसब जपलेल्या माणसांनी.

सगळेच मालक असे नाहीत. ‘गार्डियन’ १९३६ पासून एका विश्वस्त संस्थेच्या मालकीचा आहे, नफा कुणा कुटुंबाच्या खिशात जात नाही. ‘फायनान्शियल टाइम्स’ २०१५ पासून जपानच्या निक्केई कंपनीचा. अबुधाबीच्या पैशाने ‘टेलिग्राफ’ विकला जाऊ लागला तेव्हा २०२४ मध्ये संसदेने परक्या सरकारांना पेपरची मालकी घेण्यापासून रोखणारा कायदा केला. म्हणजे परक्या सरकारची भीती वाटते, पण एकाच कुटुंबाच्या हाती अनेक पेपर असण्याची तितकी वाटत नाही.

मग या पेपरांना लगाम कोण घालतो? २००२ मध्ये लंडनजवळच्या सरे परगण्यातली १३ वर्षांची शाळकरी मुलगी बेपत्ता झाली. ती हयात आहे की नाही हे घरच्यांना ठाऊक नसताना ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’च्या माणसांनी तिच्या मोबाइलवरचे व्हॉइसमेल ऐकले. पद्धत साधी होती. फोन उचलला गेला नाही की कॉल निरोपपेटीकडे जातो, आणि कंपनीने दिलेला ठरावीक पासकोड बऱ्याच जणांनी बदललेला नसतो. तो दाबला की पेटी उघडी. राजघराणं, खासदार, नट, खेळाडू, असे कितीतरी जण याला बळी पडले. २००७ मध्ये एक बातमीदार आणि एक खासगी गुप्तहेर तुरुंगात गेले आणि ‘एकट्याचं पाप’ म्हणून प्रकरण मिटवलं गेलं. ‘गार्डियन’चे निक डेव्हिस मात्र खणत राहिले. जुलै २०११ मध्ये त्यांनी त्या मुलीची गोष्ट छापली आणि देश हादरला. निरोप पत्रकारांनीच पुसले, हा त्या बातमीतला तपशील पुढे सिद्ध झाला नाही आणि ‘गार्डियन’ने तशी दुरुस्ती केली. ऐकल्याचं मात्र खरं होतं. जाहिरातदार पळाले आणि १६८ वर्षांचा, एके काळी आठवड्याला ८० लाखांहून जास्त खपणारा पेपर १० जुलै २०११ ला शेवटचा अंक काढून बंद झाला. त्याचे माजी संपादक अँडी कुल्सन मधल्या काळात पंतप्रधान कॅमेरन यांचे माध्यमप्रमुख झाले होते. २०१४ मध्ये ते तुरुंगात गेले.

न्यायमूर्ती लेव्हसन यांनी चौकशी केली, जवळपास दोन हजार पानांचा अहवाल दिला, स्वतंत्र आणि कायद्याचा आधार असलेली नियमन व्यवस्था सुचवली. बहुतेक बड्या पेपरांनी ती नाकारून २०१४ मध्ये ‘इप्सो’ ही आपलीच संस्था उभी केली. ‘गार्डियन’ आणि ‘फायनान्शियल टाइम्स’ तिच्यातही नाहीत, ते आपल्या तक्रारी आपणच पाहतात. चौकशीचा दुसरा टप्पा व्हायचा होता, तो २०१८ मध्ये सरकारने रद्द केला. मला हे मनापासून खुपतं. सरकारने पेपरवर बसू नये हे मान्य, पण ज्या घराची शांती लुटली गेली त्याने दाद कुणाकडे मागायची?

याचं एक उत्तर लिव्हरपूलने दिलं. १५ एप्रिल १९८९ ला शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर फुटबॉल सामन्यात लिव्हरपूल क्लबचे प्रेक्षक चिरडले गेले, ९७ जीव गेले. चार दिवसांनी ‘सन’चं पहिलं पान: प्रचंड अक्षरांत ‘द ट्रुथ’, सत्य. खाली तीन ओळी. काही प्रेक्षकांनी मृतांचे खिसे कापले, काहींनी पोलिसांवर लघवी केली, काहींनी तोंडाने श्वास देणाऱ्या पोलिसाला मारलं. ही माहिती स्थानिक वृत्तसंस्थेमार्फत पोलिस अधिकारी आणि एक खासदार यांच्याकडून आली होती. त्यातलं काहीही खरं नव्हतं. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने दाखवलं की पोलिसांचे १६४ जबाब बदलले गेले होते. २०१६ मध्ये ज्युरीने सांगितलं, की माणसं बेकायदेशीरपणे मारली गेली आणि प्रेक्षकांचा दोष नव्हता.

लिव्हरपूलने तेवीस-सत्तावीस वर्षं वाट पाहिली नाही. दुसऱ्या दिवसापासून लोकांनी तो पेपर घेणं सोडलं, अंक जाळले, दुकानदारांनी ठेवणं बंद केलं. तेव्हाची पोरं मोठी झाली, त्यांची पोरं आली, पण बहिष्कार उठला नाही. आजही तिथल्या कितीतरी दुकानांत ‘सन’ मिळत नाही. २०१७ मध्ये लिव्हरपूल आणि एव्हर्टन या दोन्ही क्लबांनी त्याच्या पत्रकारांना दारं बंद केली.

वाचकाचा हा हात नेहमीच खऱ्याच्या बाजूने पडतो असं मात्र नाही. मे १९१५ मध्ये ‘डेली मेल’ने युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांच्यामुळे आघाडीवर योग्य तोफगोळे पोचत नाहीत असं छापलं. तुटवडा खरा होता. पण किचनर लाडके, म्हणून लंडनच्या शेअर बाजारात दलालांनी त्या पेपराची होळी केली आणि खप कोसळला.

आज होळी करायला अंकच उरलेले नाहीत. ‘सन’ने २०२० पासून आपला खप जाहीर करणं थांबवलं आहे. ‘इंडिपेंडंट’ २०१६ पासून कागदावर निघत नाही. तरी रोज रात्री साडेदहाच्या सुमारास बीबीसी आणि स्काय उद्याची पहिली पानं पडद्यावर दाखवतात, त्यावर चर्चा करतात, आणि सकाळी मंत्र्यांना त्यावरचेच प्रश्न विचारले जातात. पेपर कुणी विकत घेवो न घेवो, मथळा पोचतो. लिव्हरपूलच्या दुकानदाराला निदान गठ्ठा परत पाठवता आला. फोनवर तोच मजकूर येतो तेव्हा लाल पट्टी गळून पडलेली असते, मालकाचं नाव नसतं, आणि पुण्यात तो मराठीत उतरतो तोवर वर एवढंच राहतं: ‘ब्रिटिश माध्यमांच्या वृत्तानुसार’.